तीन कावळ्यांचं तोरण

१ ऑक्टोबर, बुधवार

समोरच्या ओळीत सात दारांवर हॅलोविनची तोरणं लागली. कॉफी घेता घेता मोजली. कोपऱ्यावरच्या घराचं गाडीच्या चाकाएवढं गोल, काळ्या जाळीचं, मधे रबरी कोळी. त्याच्या शेजारचं केशरी फितीचं, पण फीत गुंडाळताना मध्य चुकलाय, त्यामुळे सगळंच डावीकडे कललंय. एकतीस वर्षं लोकांचे कोट आणि पँटी उसवून शिवल्या की डोळ्याला खोड लागते. जे वाकडं असेल ते आधी दिसतं.

ही वहीसुद्धा दुकानातलीच, मापं लिहायची. दुकान बंद झालं तेव्हा एक कोरी उरली होती.

हा माझा या घरातला पहिला ऑक्टोबर. लमारशी लग्न झालं ते मागच्या नोव्हेंबरात, तेव्हा सगळ्यांची तोरणं दारांवरून उतरवून झाली होती. या वर्षी आपणही काहीतरी करावं म्हणून काल शेतावरच्या ठेल्यावरून रंगीत मक्याची छोटी कणसं आणली, जांभळी आणि लाल. लमारला दाखवली. त्यानं पेपर खाली न करताच सांगितलं, "दाराचं कॉरिन बघते."

"कॉरिन अल्टूनात राहते, लमार. तास लागतो यायला."

"शनिवारी येईल."

झालं. एवढ्यावर विषय संपला. कॉरिन ही त्याची मुलगी, छत्तीस वर्षांची. तिची आई आर्लीन जाऊन आठ वर्षं झाली. वर्षभरात ती या घरात तीनदा आली असेल, आणि दार मात्र तिचं. मी कणसं मुकाट्यानं कपाटात ठेवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आली. मला म्हणाली, "कशा आहात?" आणि उत्तराची वाट न बघता सरळ माळ्यावर गेली. खाली आली तेव्हा हातात टोपीचा असतो तसा मोठा गोल डबा.

आतलं तोरण बघायला मी अगदी जवळ सरकले. जाड द्राक्षवेल वळून केलेलं कडं, त्यावर केशरी फळांची वाळलेली रानवेल, आणि त्यात तीन कावळे. दुकानात मिळतात तसले चमकीचे नाहीत. पीस न् पीस बसवलेलं. दोघे समोर बघतात आणि एक मान वळवून घराच्या आत बघतो. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही, चांगलं काम बघितलं की येतो तो.

कॉरिननं ते दारावरच्या आकड्यात अडकवलं, दोन पावलं मागे सरकली आणि लमारकडे बघून म्हणाली, "सांग ना डॅड, मॉमनं हे कावळे कसे केले असतील? तुला काय वाटतं?"

लमार पायरीवर उभा होता. "मला काय माहीत," म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला. तिथं तो ट्राउट मासे पकडायच्या गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधत बसतो, ते त्याचं राज्य. मी तिथं जात नाही.

कॉरिन बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत होती. मी ओव्हनमध्ये भोपळ्याचा गोड 'पाय' भाजला होता. नको म्हणाली, रस्ता लांब आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

मला चैन पडेना म्हणून शेजारच्या फर्नकडे गेले. ब्याऐंशी वर्षांची आहे, या गल्लीत साठ वर्षं. तिला कुठल्या घरात कोण कधी शिंकलं तेही ठाऊक असतं.

"दरवर्षी हेच विचारते ती," फर्न म्हणाली. "कसे केले असतील, कसे केले असतील. आणि तो दरवर्षी मला काय माहीत म्हणून पळतो."

"पण का? त्याला टोचायला?"

"तुला ठाऊक नाही? आर्लीनच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. चाळीसेक माणसं. कॉरिन सगळ्यांसमोर उभी राहिली आणि बापाला म्हणाली, मॉमनं मरता मरता आपल्यासाठी ते तोरण केलं आणि तू अख्खा महिना गॅरेजमध्ये लपून बसला होतास."

"आणि लमार?"

"त्यानं बशीतलं संपवलं. बशी धुवायला नेऊन ठेवली."

म्हणजे मुलगी आठ वर्षं तीच जखम कुरतडते आहे. मला राग आला. आजारी माणसासमोर बसवत नाही असे पुरुष असतात. माझा पहिला नवराही दवाखान्यात शिरला की घामाघूम व्हायचा. त्याचं कुणी असं वर्षश्राद्ध घालतं का?

घरी आल्यावर तोरणाजवळ खुर्ची ओढून नीट बघितलं. मेण लावलेला काळा दोरा आहे, इतका बारीक की माझ्या चष्म्यातून जेमतेम दिसतो. गंमत म्हणजे गाठ कुठेच नाही. दोऱ्याचं टोक कुठे गेलं ते शोधून शोधून थकले. ही बाई शिवणकामात असती तर मला तिनं नोकरीवर ठेवलं असतं.

आता एक गोष्ट लिहायची की नाही याचा विचार करत होते. लिहिते, ही वही माझीच आहे. कपाटातली तीन कणसं काढली आणि तोरणाच्या खालच्या बाजूला वेलीत खोचली, तारेनं पक्की केली. छान दिसतात. माझ्याही हातचं काहीतरी दारावर असावं, एवढंच. कुणाला कळणार आहे?

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तर पायरीवर काळी पिसंच पिसं. वाटलं, मांजरानं पक्षी मारला. मग वर बघितलं.

खार अजून तिथंच होती. तोरणावर उलटी लटकून माझं कणीस खात होती. मला बघून पळालीसुद्धा नाही, आधी दाणा संपवला. रानवेल फाटली, आणि आत बघणारा कावळा गेला. खारीनं त्याच्या अंगावर पाय देऊन कणसापर्यंत पोचायचा रस्ता केला असणार. अर्धी पिसं उपटली गेलीत, डोकं लोंबतंय.

मी पायरीवर बसले ती पाय गार पडेपर्यंत बसले. मेलेल्या बाईचं शेवटचं काम, आणि ते मी खारीला वाढलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

लमारला सांगितलं. कणसांसकट सगळं. वाटलं, ओरडेल. तो ओरडत नाही हे मला ठाऊक आहे, पण वाटलं.

त्यानं कावळा हातात घेतला. लोंबणारं डोकं अंगठ्यानं जागेवर धरून बघितलं.

मी म्हटलं, "मी नीट करते. गावातून पिसं आणते. मला शिवता येतं."

"मानेकडून सुरुवात करू नकोस," तो म्हणाला. "शेपटीकडून वर ये. नाहीतर पिसं उभी राहतात."

किती लक्ष असतं बघा त्याचं! आठ वर्षं जाता येता बघून त्याला एवढंही कळलंय. मनातून तो आर्लीनला अजून विसरलेला नाही, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. माझी काही तक्रार नाही. थोडी आहे.

कॉरिनचा फोन आला. "तोरण ठीक आहे ना? वारा होता काल."

"अगदी ठीक आहे," मी म्हटलं. एका दमात, जराही न अडखळता. इतकं खोटं मला बोलता येतं याचं मलाच नवल वाटलं.

ती गुरुवारी, तीस तारखेला येणार आहे. पोरं गोळ्या मागायला यायची आमच्याकडची वेळ गुरुवारी सहा ते आठ. म्हणजे अठरा दिवस आहेत हातात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कावळा उसवला. आत काथ्या, आणि काथ्याच्या पोटात एक जाड वाकडी तार. तारेच्या एका टोकाला बारीक नेढं, दुसरं टोक कानशीनं घासून बोथट केलेलं. पडद्याला लावतात तसला आकडा दिसतो. आर्लीननं जुने पडदे काढले असतील, तेच आकडे वापरले. हुशार बाई.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस घासले. शेपटीकडून वर आले. पिसं उभीच राहतात. दोरा घट्ट ओढला की तुटतो, सैल सोडला की पिसं फिरतात. शेवटी चिकटवली.

फर्नला दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नोरीन, हा कावळा आहे की ओव्हनमध्ये विसरलेली कोंबडी?"

दोघी पोट धरून हसलो. मग मला रडूच आलं. मी म्हटलं, "मला दहाही बोटं शाबूत असून जमत नाही. आणि तिनं अंथरुणातून केलं."

"तिला तर शेवटच्या उन्हाळ्यापासून चमचा धरता येत नव्हता," फर्न म्हणाली. "बोटं वाकायचीच नाहीत. सूप मी पाजायची, पेला मी धरायची. सही करायची तर लमार तिचा हात धरायचा."

"आणि तरी हे केलं!"

फर्न माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण म्हणाली, "कॉफी घेतेस का आणखी?"

माणसाची जिद्द काय असते! घरी येऊन मी ती कोंबडी पुन्हा उसवली.

२० ऑक्टोबर, सोमवार



लमार सकाळी डोंगरापलीकडच्या ओढ्यावर गेला होता. मला बारीक तार हवी होती. गॅरेजमध्ये त्याच्याकडे असेल म्हणून गेले. बाकाला लावलेल्या छोट्या पकडीत एक अर्धवट माशी होती, करड्या पिसांची, माझ्या नखाएवढी. मी सहज वाकून बघितली. बारीक दोरा, मेण लावलेला. पिसं शेपटीकडून डोक्याकडे बसवलेली. आणि बाजूच्या पेटीत पूर्ण झालेल्या माश्या ओळीनं. एक उचलून उलटी केली. दोऱ्याचं टोक कुठेच नाही. स्वतःच्याच वळशांखाली शिरून लपलेलं.

पेटीच्या खालच्या खणात मोठे गळ होते, बोटाएवढे. एका टोकाला नेढं.

मी पडद्याचा आकडा म्हणत होते! एकतीस वर्षं सुईदोऱ्यात काढली आणि गळ ओळखता येऊ नये!

तो आला तेव्हा मी तिथंच त्याच्या खुर्चीत बसलेली. हातात ती माशी आणि तो घासलेला गळ. त्यानं दोन्ही बघितलं. बूट काढले. बराच वेळ लावला बूट काढायला.

"आर्लीनला तीन कावळे हवे होते," तो म्हणाला. "आधी ती दुकानातलं सामान आणून दरवर्षी नवं काहीतरी करायची. त्या वर्षी म्हणाली, खरे वाटतील असे पाहिजेत. एकानं आत बघायचं, माझ्याकडे. तिची खाट पुढच्या खोलीत होती ना, दाराच्या काचेतून दिसावं म्हणून. बोटं तर चालत नव्हती. म्हटलं, तू सांगत जा, मी करतो. पाच आठवडे लागले. माशी बांधणं वेगळं आणि कावळा वेगळा."

"मग कॉरिनला का नाही सांगितलं?"

"हॅलोविनला सकाळी ती आली. आर्लीन अंथरुणातून म्हणाली, बघितलंस का माझं तोरण? पोरगी दाराशी गेली आणि तिथंच रडायला लागली. मॉम, तू केलंस! मॉम, या हातांनी! आर्लीननं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होतो?"

"आणि नंतर? चर्चमध्ये तुला चाळीस माणसांसमोर बोलली तेव्हा?"

त्यानं बूट उचलून जागेवर ठेवले. मी पुन्हा विचारलं. मी अशीच आहे, टाका पुरता उसवल्याशिवाय मला राहवत नाही.

"नऊ दिवसांत आई गेली होती तिची, नोरीन. तेवढं एक तोरण उरलं होतं तिच्या हातात. ते पण काढून घ्यायचं?"

मग त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. कॉरिनला कळता कामा नये. कावळा तो स्वतः नीट करेल, तीस तारखेच्या आत, तिला फरक दिसणार नाही.

मी हो म्हटलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

वचन दिलं ते बरोबर केलं का?

एकीकडे वाटतं, त्याचं आहे, त्यानं ठरवावं. दुसरीकडे वाटतं, ती मुलगी आठ वर्षं बापाला भेकड समजते आहे, आणि तो समजू देतो आहे, कशासाठी? आणि खरं सांगायचं तर तिसरं एक वाटतं, ते लिहायला लाज वाटते. हे गुपित आता माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. या घरातली एक तरी गोष्ट मला तिच्याआधी कळली. असं वाटणारी बाई चांगली नव्हे.

लमारनं अजून कावळ्याला हात लावलेला नाही. रोज माझ्या शिवणाच्या खोलीत येतो, टेबलावरचं तोरण बघतो, परत जातो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

अकराच्या सुमारास गाडीचा आवाज. मी खिडकीतून बघितलं तर कॉरिन. पाच दिवस आधी, फोन न करता. दारावर नुसता आकडा. ती त्या आकड्यासमोर उभी होती.

मी दार उघडलं. ती म्हणाली, "कुठे आहे?"

काय सांगणार? शिवणाच्या खोलीत नेलं. टेबलावर फाटलेली रानवेल, दोन कावळे धड, तिसऱ्याचा सांगाडा, आणि माझ्या हातच्या कोंबडीचे अवशेष. मी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. कणसं माझी, खार, फोनवर बोललेलं खोटं. म्हटलं, "तुझ्या आईची वस्तू होती, मी तिला हात लावायला नको होता. माझ्या मनात आपलं काहीतरी दारावर असावं असं आलं."

ती खुर्चीवर बसली. कोंबडीकडे बघितलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिनं धड असलेला एक कावळा उचलला, उलटा केला आणि पोटावरून अंगठा फिरवला.

"तुला कळलं ना?" ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय, नोरीन. तुला खोटं अजिबात बोलता येत नाही. फोनवरसुद्धा कळलं होतं, म्हणून तर आले."

मी टेबलावरचा दोरा रिळाला गुंडाळायला घेतला. वचन होतं.

"ही टोक लपवायची गाठ मी दहा वर्षांची असताना शिकलेय," ती म्हणाली. "त्याच गॅरेजमध्ये. खुर्चीवर उशी ठेवून बसायचे, नाहीतर हात पोचायचा नाही. मॉमला ही गाठ कधी आली नाही, शिकायचीही नव्हती. ती म्हणायची, माश्यांना कसले कपडे शिवता?"

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी मला तिनं केलं असंच पाहिजे होतं, म्हणून तसंच दिसलं. दुसऱ्या वर्षी माळ्यावरून काढलं, एक पीस निघालं होतं ते दाबायला गेले, तेव्हा दिसलं. माळ्यावरच बसून राहिले. खाली येऊन त्याला विचारलं, मॉमनं हे कसं केलं असेल. म्हणाला, मला काय माहीत."

"अगं, मग सरळ सांगायचं ना, मला ठाऊक आहे म्हणून!"

"कसं सांगू?" तिचा आवाज चढला. "मी चाळीस माणसांसमोर बोलले होते! तो माझ्या आईसाठी रात्रंदिवस पिसं बांधत होता आणि मी त्याला लपून बसला म्हणाले. ते परत कसं घेतात, सांग मला. दरवर्षी विचारते. वाटतं, या वर्षी म्हणेल, मी केलं. एकदा तेवढं म्हणाला की मी पुढचं बोलेन. तो म्हणतच नाही. मग मला वाटायला लागलं, त्याला मला माफच करायचं नाहीये. बोलूच द्यायचं नाहीये."

मला काय वाटलं ते सांगते. आधी दया नाही आली. आधी चिडच आली, दोघांची. आठ वर्षं एक जण दार बंद करून आत बसलाय की बाहेरच्याला लागेल, आणि बाहेर जी उभी आहे ती कडी वाजवत नाही की आतला चिडेल. मी म्हटलं, "तुम्ही दोघं एकाच कापडाचे आहात. एकाच मापाचे. तुमचे कोट शिवायला आले असते तर मी एकाच कागदी मापावर दोन्ही कापले असते."

ती डोळे पुसत हसली.

मी कावळ्याचा सांगाडा, पिसांची पिशवी आणि तो गळ तिच्या हातात ठेवला. "तो गॅरेजमध्ये आहे. म्हणावं, नोरीनला जमत नाही."

"तेवढंच?"

"तेवढंच. बाकी मला काही ठाऊक नाही. मी वचन दिलंय."

ती गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला गॅरेजचं बाजूचं दार दिसतं. तिनं टकटक केली, आपल्या बापाच्या गॅरेजवर, पाहुण्यासारखी. दार उघडलं. लमारनं तिच्या हातातलं बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग तो बाजूला सरकला.

मी कोंबडी-मक्याचं सूप टाकलं. ऐकू काहीच येत नव्हतं. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तासभर झाला तेव्हा कचरा टाकायचं निमित्त करून बाहेर गेले. कचऱ्याचा डबा गॅरेजला लागूनच आहे.

"इतका ताण देऊ नकोस, तुटेल."

"मला शिकवू नकोस, डॅड."

"मीच शिकवलंय."

"मग नीट शिकवायचं होतं."

एवढंच ऐकलं. डबा रिकामाच होता, तो घेऊन परत आले. मधल्या तासात ते काय बोलले, माफी कुणी मागितली, कुणी मागितलीच की नाही, मला ठाऊक नाही. लमारला संध्याकाळी विचारलं. म्हणाला, "कावळ्याचं बोललो."

सूप दोघांनी दोन-दोनदा घेतलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कॉरिन काल कामावरून परस्पर आली, आजही. लमार म्हणतो, एक नवा आणि दोन जुने असे शोभणार नाहीत, म्हणून तिन्ही उसवले. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत कसे होतील? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू गुरुवार ही माझीच काहीतरी खाजगी अडचण आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सहा ते आठ. सत्तेचाळीस मुलं आली. दारावर नुसता आकडा. फर्न तिच्या ओसरीवरून ओरडली, "नोरीन, दार बोडकं ठेवलंस! लोकांना वाटेल घरात कुणी नाही!"

"सगळे आहेत," मी ओरडून सांगितलं. "कामात आहेत!"

एक पिल्लू भोपळा होऊन आलं होतं, चालता येत नव्हतं धड. मी एकटीच गोळ्या वाटत होते. गॅरेजमधून हसण्याचा आवाज आला, लमारचा. त्याला असं मोठ्यानं हसता येतं हे मला वर्षभरात कळलं नव्हतं. थोडा हेवा वाटला. बराचसा नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज लागलं. सगळ्या गल्लीनं हॅलोविन उतरवला, कोपऱ्यावरच्यांच्या दारावर पुढच्या सणाची लाकडी टर्कीसुद्धा आली, आणि आमच्या दारावर आज कावळे चढले. जुना आकडा सैल झाला होता म्हणून लमार नवा ठोकत होता, तोंडात खिळे. कॉरिननं तोरण दोन्ही हातांनी धरलं होतं. मी लांब उभी राहून मध्य सांगत होते. "डावीकडे. अजून. बास."

फर्न चर्चमधून परत येत होती, टोपी घातलेली. फाटकाशी थांबली.

"आता? आता कसले कावळे लावताय? परवाच संपलं सगळं!" मग जवळ येऊन तिनं मान वाकडी करून बघितलं. "आर्लीनचंच ना हे?"

कॉरिन बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता तो पुन्हा मला काय माहीत म्हणून गॅरेजमध्ये जाणार.

लमारनं तोंडातले खिळे काढले.

"मनातलं तिचं," तो म्हणाला. "केलं मी. आणि या खेपेला हिनं."

"मग त्यात सांगायचं काय?" फर्न म्हणाली. "तुझ्या गॅरेजची खिडकी माझ्या सिंकसमोर आहे, लमार. त्या वर्षी पाच आठवडे भांडी घासता घासता तुलाच बघत होते. पिसं बांधायचा आणि रडायचा, बांधायचा आणि रडायचा."

"फर्न!" कॉरिन किंचाळलीच. "आठ वर्षं! तुम्ही बोलला का नाहीत कुणाला?"

"बाई गं, घरातल्या माणसांनी सांगायच्या गोष्टी शेजारणीनं सांगायच्या नसतात. एवढं मला कळतं." आणि टोपी सावरत निघून गेली. तिला एवढं कळतं हे मला आजच कळलं.

कॉरिनला हसू येत होतं की रडू ते समजेना. तोरण हातात असल्यामुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. लमारनं आपल्या बाहीनं तिचं तोंड पुसलं, जरा जास्तच जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं. मग म्हणाला, "सरळ धर. नोरीन बघते आहे."

तिसरा कावळा या वेळीही आत बघतो. फक्त आता पुढच्या खोलीत खाट नाही, माझं शिवणाचं मशीन आहे. कालच कॉरिननं उचलून तिथं आणून ठेवलं, म्हणाली, मागच्या खोलीत उजेड कमी आहे. मला काही कमी वाटत नव्हता, पण आणलंच आहे तर असू दे.

ती जेवून निघाली. चार वाजता वर गेले तर पाहुण्यांच्या खोलीत तिची पिशवी राहिलेली. लगेच फोन केला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, आत ब्रश आहे, घरात घालायचे कपडे आहेत, सपाता आहेत. लागणार नाहीत का तुला?"

"लागतील तेव्हा येईनच ना."

मी पिशवी कपाटात ठेवली आहे. एवढं सगळं सामान कुणी कसं विसरतं, कमाल आहे या मुलीची.